भूकंप धरून काढलेली भिंत

आमच्या साहेबांनी आयुष्यात एकही भूकंप पाहिला नव्हता, आणि हेच त्यांचं खरं दुखणं होतं, असं माझं मत आहे. एखादा पाहायला मिळाला असता तर हौस फिटली असती आणि बारामतीच्या आमच्या ऑफिसातल्या अकरा माणसांना सुखानं नोकरी करता आली असती.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी तेव्हा ओव्हरसियर होतो. तिशी उलटलेली, पदरी दोन मुली, आणि नोकरीत कायम होण्याची ऑर्डर आज येईल उद्या येईल म्हणून पोस्टमनकडे डोळे लावून बसलेला. आमचं काम साधं होतं. कालव्याच्या भरावांवर लक्ष ठेवायचं, मोऱ्या साफ करून घ्यायच्या, आणि जिथे माती ढासळेल असं वाटेल तिथे दगडाची भिंत घालायची. माती भिंतीला पुढे रेटते, भिंत आपल्या वजनावर तो रेटा सोसते. रेटा किती, याचं गणित आमच्या आज्यापणज्यांच्या काळातच कुणीतरी करून पुस्तकात घालून ठेवलेलं आहे. पुस्तक उघडायचं, भिंतीची उंची घालायची, पायाची रुंदी काढायची, सही करायची आणि जेवायला घरी जायचं. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या सगळ्या भिंती अशाच उभ्या राहिल्या होत्या आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

साहेब बदलून आले, खुर्चीत बसले, समोरचा पहिला नकाशा उचलला आणि म्हणाले, "यात भूकंप कुठे धरलाय?"

हेडक्लार्क भाऊसाहेब तीस वर्षं फायलींत मुरलेले. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, "साहेब, आपल्याकडे भूकंप होत नाही."

"कुणी सांगितलं?"

"झालेला नाही साहेब."

"झालेला नाही आणि होत नाही, यांत फरक आहे," साहेब म्हणाले. "जमीन झोपलेली आहे भाऊसाहेब, मेलेली नाही."

त्या दिवसापासून बाजारपेठेत त्यांचं नाव 'हादरेसाहेब' पडलं. त्यांचं खरं आडनाव मलाही आता आठवून पाहावं लागतं.

अंगानं काडी, डोक्यावर काळी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. कोटाच्या एका खिशात कोनमापक आणि दुसऱ्यात फुटाणे. वाटेत भिंत दिसली की थांबायचे, तिच्यावर तळहात टेकवायचे आणि सगळा जोर लावून ढकलून बघायचे. शाळेची, देवळाची, धर्मशाळेची, कुठलीही. एकदा पोलीस चौकीची भिंत ढकलताना शिपायानं हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "भिंत उभी आहे याचा अर्थ ती मजबूत आहे असा नाही. तिला अजून कुणी विचारलेलं नाही, एवढाच." शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं बरं हाय न्हवं यांचं?"

घरी सगळं बरं होतं, फक्त जमिनीवर होतं. साहेबांच्या घरात फळीवर काहीही ठेवायला बंदी होती. लोणच्याच्या बरण्या, डाळींचे डबे, देव, घड्याळ, सगळं फरशीवर ओळीनं मांडलेलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हे लोक आजच घर सोडून निघालेत. बाईसाहेबांनी लाडू दिला आणि म्हणाल्या, "पाय जपून ठेवा हो, डावीकडे मोरांबा आहे." लग्नाला बावीस वर्षं झाली होती म्हणे. त्या बाईंनी बावीस वर्षं वाकून संसार केला.

आता हे भूकंपाचं गणित काय होतं ते सांगायला हवं, कारण त्याच्यावर आमची वर्षं गेली. जपानी इंजिनियरांनी बंदरावरच्या भिंतींसाठी ते बसवलं होतं. त्याची टाइप केलेली आठ-दहा पानं साहेबांनी कुठून तरी मिळवली होती आणि ती ते सोवळ्यातल्या पोथीसारखी सांभाळायचे. कल्पना अशी, की जमीन हलली म्हणजे मातीच्या अंगात आडवं बळ येतं आणि तिचा भिंतीवरचा रेटा वाढतो. तो किती वाढतो? तर जमीन हलतेय असं धरायचंच नाही. भिंत आणि माती दोन्ही जरा तिरकी करून ठेवली आहेत असं धरायचं, आणि मग नेहमीचंच गणित करायचं. हादरा जितका मोठा, तितकं तिरकं करायचं. मी कबूल करतो, युक्ती झकास आहे. पण युक्ती कागदावर राहिली तर युक्ती. साहेबांनी एका सोमवारी माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या दोन पायांखाली विटा घातल्या.

"किती अंश झाले?"

मी कोनमापक लावलं. "सहाच्या आसपास, साहेब."

"हा आपला भूकंप. आता याच टेबलावर काम करा म्हणजे कल्पना येईल."

मला कल्पना आली. दौत घरंगळली, पट्टी घरंगळली, तिसऱ्या दिवशी गरम चहाचा कप आपण होऊन माझ्या मांडीवर आला. पुढे वर्षभर मी त्याच टेबलावर काम केलं. घरी ताटावर बसलो की मान आपोआप एका बाजूला कलायची. बायको म्हणाली, "लकवा भरला की काय?" मी म्हणालो, "नाही, भूकंप धरलाय."

गेनू पट्टेवाल्याचे हाल तर याहून वाईट. भूकंपाचा जादा रेटा भिंतीच्या खाली लागत नाही, वर लागतो, हे आम्हाला पटवण्यासाठी साहेबांनी गेनूला अंगणात उभं केलं आणि आधी गुडघ्यांवर ढकललं. गेनू हलला नाही. मग छातीवर ढकललं. गेनू दोन पावलं मागे गेला आणि तुळशीच्या कुंडीवर बसला. "बघा, बळ तेच, जागा वर सरकली," साहेब आनंदानं म्हणाले. नवीन माणूस ऑफिसात आला की हा प्रयोग व्हायचा, आणि गेनू न सांगता टोपी काढून अंगणात जाऊन उभा राहायचा.

सुप्याला एका कंत्राटदाराच्या मुलाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली. पत्रावळीवर भात पडला. साहेबांनी भाताचा ढीग एका अंगानं हातानं सरळ कापला, त्याला लागून पापड उभा केला, आणि शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "ही भिंत. हा भराव. आता नेहमीचा रेटा चालू आहे. बघा, उभी आहे." मग त्यांनी पत्रावळीखाली बोटं घातली आणि थरथरवली. पापड पाहुण्यांच्या मठ्ठ्यात पडला आणि मागोमाग निम्मा भात. वाढपी धावत आला. "सायेब, भात आवडला न्हाय व्हय?"

"भात उत्तम आहे," साहेब म्हणाले. "घर्षण कमी आहे."

पंगतीत एक म्हातारे आबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, आमच्या सुप्याला पाऊससुदिक येत न्हाय. भूकंप कशाला वाट वाकडी करील?"

पंगत हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी आबांच्या घराची भिंत कशाची आहे ते विचारलं आणि खिशातली वही काढून लिहून घेतलं.

आम्ही मात्र हसायचो. खरं सांगायचं तर ऑफिसात त्या दिवसांत दुसरी करमणूक नव्हती. मी आणि भाऊसाहेब रोज संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात बसून साहेबांची नक्कल करायचो. माझी नक्कल चांगली वठायची. गिऱ्हाइकं भजी थंड करून बघत बसायची. एवढं शिकलेला माणूस एवढा वेडा असू शकतो, याचं आम्हा कमी शिकलेल्यांना मोठं समाधान होतं.

आणि मग ते सहा खडू आले.

साहेबांना हादरा नोंदवायचं यंत्र हवं होतं. पुण्याच्या वरच्या ऑफिसला तसं पत्र गेलं, आणि वरच्या ऑफिसनं उलट लिहिलं की अशी वस्तू यादीत नाही. तेव्हा साहेबांनी शाळेतून खडू आणवले, ब्लेडनं त्यांचे सहा लहानमोठे तुकडे कापले आणि भिंतीतल्या कोनाड्यात काचेवर ओळीनं उभे केले. सगळ्यात उंच तुकडा बोटभर, सगळ्यात बुटका पेराएवढा. हलका हादरा आला तर उंच खडू पडेल, बुटका उभा राहील. बुटका पडायला फार मोठा हादरा लागेल. जो जिकडे पडेल त्यावरून दिशाही कळेल. रोज सकाळी साडेदहाला साहेब कोनाड्यासमोर उभे राहायचे आणि रजिस्टरात लिहायचे: सहाही उभे. आठ महिने त्या रजिस्टरात दुसरं वाक्य नव्हतं.

आता तात्यांबद्दल सांगतो. निरवांगीजवळ आमच्या कालव्याच्या फाट्याचा एक उंच भराव होता आणि त्याच्या अगदी पायथ्याशी तात्यांचं रान. दीड एकर वांगी, मिरची, कडेनं पेरू, चार खणांचं घर आणि एक विहीर. विहीर तात्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं स्वतः खणली होती. सात उन्हाळे खणत होते. भाऊ त्याच विहिरीच्या कामात पडून गेला, आणि पाणी लागलं ते पुढच्या वर्षी. कालव्याला पाणी नसलं तरी ती विहीर तात्यांची वांगी जगवायची. भराव खचला असता तर सगळ्यात आधी विहिरीत गेला असता. म्हणून तिथे भिंत हवी होती. भिंतीचा प्रस्ताव साहेबांच्या आधीपासून पडून होता.

तात्या बाजाराच्या दिवशी माळवं घेऊन बारामतीला यायचे, आणि माळवं विकलं की ऑफिसात येऊन दारातच बसायचे. आत या म्हटलं तरी दारातच.

"रावसायेब, आमची भित कवा हुणार?"

"तात्या, गणित चाललंय," साहेब म्हणायचे.

"भराव पाझरतुया, रावसायेब. हिरीच्या अंगाला वल आलीया. पाटाला पाणी सुटलं का बोट घालावं तितं बोट जातंय."

"ओल किरकोळ आहे, तात्या. त्याला भोकं ठेवू आपण भिंतीत. मला काळजी आहे ती भूकंपाची."

तात्या माझ्याकडे बघायचे. मी डोळा मारायचो. तात्या मान खाली घालून हसायचे आणि उठून जायचे.

माणूस समोर ओल दाखवतोय आणि साहेब त्याला भूकंप दाखवताहेत. या एका गोष्टीबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. त्यांना माती कळत होती, पण ती परातीतली, कोरडी, चाळून घेतलेली. तात्यांच्या रानावरची ओली माती त्यांच्या सूत्रात बसत नव्हती.

भूकंप धरून काढलेली भिंत पायाशी दुप्पट जाड झाली. तेवढा दगड बघून वरचं ऑफिस दचकलं. प्रस्ताव लाल शाईनं शेरा मारून परत आला: या भागात भूकंप होत नाही, तो वगळून पुन्हा सादर करावे. साहेबांनी चार पानी उत्तर लिहिलं. ते परत आलं. साहेबांनी सात पानी लिहिलं. असं वर्ष गेलं.

मग एका बाजाराच्या दिवशी तात्या आले आणि पहिल्यांदाच दारात न बसता आत आले. त्यांनी धोतराच्या सोग्यातून ओल्या मातीचं ढेकूळ काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ही हिरीच्या कडंची हाय. काल ढासाळली. रावसायेब, मला भूकंपाचं कळत न्हाय. तुमी म्हनता तर येईलबी. पर त्यो यायच्या आदी हे पानी यिल. तुमची बारकी भित द्या. बारकी तर बारकी. माझ्या भावानं जीव दिलाय त्या हिरीत."

साहेबांनी ते ढेकूळ बोटांनी दाबून बघितलं. मग त्यांनी मला हाक मारली. "भूकंप वगळून गणित करा. आजच. मी थांबतो."

मी विटा काढून टेबल सरळ केलं आणि सहा वाजेपर्यंत नेहमीची भिंत काढून दिली. साहेबांनी सही केली. नकाशा टपालाच्या पिशवीत पडला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालानं तो पुण्याला जाणार होता, आणि नेहमीची भिंत असल्यामुळे महिन्याच्या आत मंजूर होणार होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी हॉटेलात भाऊसाहेब म्हणाले, "संपली की राव गंमत. साहेब शहाणे झाले. आता आपण हसायचं कशाला?"

"एकदा शेवटचं हसू," मी म्हणालो.

साहेबांना एक भूकंप दाखवून द्यायचा, अशी भज्यांच्या एका प्लेटीवर पैज लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच मी ऑफिसात गेलो. कोनाड्यासमोर उभा राहिलो आणि जोरात फुंकर मारली. तीन उंच खडू पडले. बाकीचे हलेनात. मग मी टिचकी मारून एकेकाला आडवं केलं. शेवटच्या बुटक्याला दोन टिचक्या लागल्या. मला वाटलं होतं, साहेब दचकतील, उड्या मारतील, आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसू, आणि दुपारी मी सांगून टाकीन. किंवा नाही सांगणार. तेवढा विचार कुणी करतो का?

साहेब आले. कोनाड्यासमोर थांबले. उड्या वगैरे काही मारल्या नाहीत. टोपी काढली. कोनमापक काढून प्रत्येक खडूची दिशा मोजली आणि रजिस्टरात लिहिली. आठ महिन्यांनी दुसरं वाक्य. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि काल मी तो वगळला." मागे भाऊसाहेबांना हसू आवरेना म्हणून ते कपाटाआड गेले. मलाही आवरेना. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

साहेबांनी टपालाची पिशवी मागवली. आपला नकाशा काढला आणि उभा फाडला.

तेव्हा माझं हसू थांबलं. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. भाऊसाहेबांनी कपाटाआडून नुसती मान हलवली: नाही. माझी कायम व्हायची ऑर्डर साहेबांच्याच शेऱ्यावर अडकली होती. मी तोंड मिटलं. आज संध्याकाळी सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. हळूहळू न सांगण्याची सवय झाली. पुढच्या महिन्यात ऑर्डर आली, आणि तिच्यावर साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं: प्रामाणिक व विश्वासू.

पुन्हा विटा आल्या. या वेळी दोन-दोन. टेबल इतकं तिरकं झालं की कागद टाचण्या लावून धरावा लागे. नवी भिंत उंचीपेक्षा रुंदीला जास्त निघाली. प्रस्ताव गेला, परत आला, गेला, परत आला. वरच्या ऑफिसनं शेवटी उत्तर देणंच सोडलं. तात्या बाजाराच्या दिवशी येत, पण आता पुन्हा दारातच बसत. माझ्याकडे बघत. मी आता डोळा मारत नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी चालू असताना भर दुपारी तो भराव खचला. जमीन तसूभरही हलली नव्हती. तात्या म्हणत होते तसंच झालं. आतून भिजत भिजत माती दहीभातासारखी झाली आणि एकदम खाली आली. माणसं बाजूच्या रानात होती म्हणून वाचली. घराची मागची बाजू गेली. वांगी गेली. आणि विहीर काठापर्यंत मातीनं भरली. मी तिथे पोचलो तेव्हा तात्या विहिरीच्या जागेवर उभे होते. नुसते उभे.

चौकशीला पुण्याहून मोठे साहेब आले. गुळगुळीत दाढी, हातात सिगारेटचा डबा. त्यांनी विचारलं, साधी भिंत मंजूर करून घ्यायला काय अडचण होती? आमच्या साहेबांनी उत्तर म्हणून खडूंचं रजिस्टर पुढे केलं आणि त्या तारखेची नोंद दाखवली. मोठ्या साहेबांनी ती वाचली, कोनाड्याकडे बघितलं, आणि ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांच्याबरोबर आलेले सगळे हसले. आमचे भाऊसाहेबही हसले, कारण मोठे साहेब हसत असताना हेडक्लार्कनं गंभीर राहणं बरं दिसत नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही इथेच होतात ना? तुम्हाला त्या दिवशी धक्का जाणवला?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

त्या खोलीत तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

साहेबांची बदली सामानाच्या गोदामावर झाली. मोटारस्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो. बाईसाहेब पुढे मोटारीत बसल्या होत्या, मोरांब्याची बरणी पायांत धरून. साहेब खाली उभे राहिले आणि फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"एक गोष्ट चुकली माझी," ते म्हणाले. "बुटका खडूही पडला होता. तो पडण्याइतका हादरा आला असता तर बारामतीत एक घर धड राहिलं नसतं. हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. मला त्या दिवशी दिसलं नाही." मग म्हणाले, "दिसलं नाही असं नाही. इतकी वर्षं वाट बघितली होती. तो खरा असावा असं मला वाटत होतं."

कुणी पाडले, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मोटारीच्या दाराची कड हातानं ढकलून पाहिली आणि आत चढले. मी हातातल्या फुटाण्यांकडे बघत उभा राहिलो. मला तेव्हा फार लाज वाटली. पण लाज वाटून काय होतं? मोटार निघून गेली.

भिंत मग चार महिन्यांत झाली. भूकंप वगळून, नेहमीची, एका सहीत मंजूर. कामावर देखरेखीला मीच होतो. हजेरी घ्यायला लागलो तर मजुरांच्या रांगेत तात्या. रान मातीखाली, विहीर बुजलेली, मग माणूस काय करणार? आपल्याच रानाच्या कडेला, आता जिच्या खाली राखण्यासारखं काही उरलं नव्हतं त्या भिंतीला ते दगड देत होते.

एका दुपारी भाकरी खाऊन सगळे पडले होते. तात्या माझ्याजवळ येऊन बसले.

"रावसायेब, एक इचारू? गावात म्हनत्यात, त्या सायबानं खोटाच भूकंप कागदावर मांडला. भित द्यायची न्हवती म्हनून. मी म्हनतो, येडा व्हता, पर लबाड न्हवता. तुमी त्येच्याजवळ व्हता. खरं काय त्ये तुमी सांगा."

समोर भिंत होती. दुसऱ्या बाजूला विहिरीची जागा, तिच्यावर गवत उगवायला लागलं होतं. मी कायम झालेला होतो. माझं आता कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. म्हणूनच तोंड उघडलं असेल. त्याला धीर म्हणवत नाही.

"लबाड नव्हते, तात्या. त्यांनी जे बघितलं तेच लिहिलं. ते खडू मी पाडले."

तात्यांना लगेच कळलं नाही. मी सगळं सांगितलं. फुंकर, टिचकी, फाडलेला नकाशा, मिटलेलं तोंड. ते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी गवताकडे बघितलं.

"कशापायी पाडलं?"

"गंमत म्हणून. साहेबांचं तोंड बघायला."

"आन मग? हसला का?"

ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हसलो, तात्या," मी म्हणालो. "खूप हसलो."

तात्यांनी मान हलवली, बाजूचं घमेलं उचललं आणि भिंतीकडे निघाले. सुट्टी संपायला अजून अर्धा तास होता.